ज्याच्या नावाचं पत्र त्यानं वाचावं

एका मुलीनं मला चार प्रश्न लिहून पाठवले आहेत. माहेर नगरचं (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझी जीभ अजून वळत नाही), लग्न होऊन तीन वर्षांपूर्वी इंदूरला आली. अहिल्याबाईंचा जन्म त्याच जिल्ह्यातल्या चौंडीचा आणि सासर होळकरांचं, म्हणजे वाट तशी जुनीच. प्रश्न थोडक्यात असे. बिल्डिंगच्या गणपतीचा प्रसाद ख्रिस्ती माणसानं खाल्ला तर चालतं का? दशांश, म्हणजे कमाईचा देवाला द्यायचा दहावा हिस्सा, हातात येणाऱ्या पगारावर द्यायचा की कापाकापीच्या आधीच्या? मंगळसूत्र घातलेलं चालतं का? आणि मग, 'जाता जाता एक विचारते' असं लिहून चौथा: वडील जाऊन वर्ष झालं, नगरच्या घरासाठी दोघे भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागताहेत. 'ख्रिस्ताची लेकरं भांडत नाहीत, दुसरा गाल पुढं करतात' असं मोठा भाऊ फोनवर म्हणाला. नवराही म्हणतो, करून टाक सही, बायबलात पतीच्या अधीन असा म्हटलंय. तर काय करू?

चौतीस वर्षं चर्चमध्ये पाळकी केली, आता निवृत्त आहे, दर बुधवारी घरी मराठी प्रार्थना घेतो. इतक्या वर्षांत एक कळलं. माणूस खरा प्रश्न चहा पिताना विचारत नाही, दारात चपला घालताना विचारतो. म्हणून चौथा आधी घेतो. वयानं तुझ्या वडिलांएवढा आहे, तेव्हा 'तू'च म्हणतो.

गालाचं वचन मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे, एकोणचाळिसावं. तिथं नुसता गाल नाही, उजवा गाल आहे. कुणाला तरी समोर उभं करून बघ: आपल्या उजव्या हातानं त्याच्या उजव्या गालावर चापट मारायची तर तळहात पोचत नाही, हात उलटा करावा लागतो. उलट्या हाताची चापट मारामारीत मारत नाहीत. ती मालक गड्याला मारतो, 'तुझी लायकी ही' हे दाखवायला. येशू मार खाणाऱ्याला सांगतो की तू उलट मारू नकोस आणि खाली मान घालून पळूही नकोस, तिथंच उभा राहा. आता हे सांगितलं कोणाला? मार खाणाऱ्याला. मारणाऱ्यानं हे वचन पाठ करून 'चल, दुसरा गाल दे' म्हणावं, अशी त्यात कुठंही सोय नाही.

माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच उभं आहे. नव्या करारात सत्तावीस पुस्तकं आहेत, त्यातली बहुतेक चक्क पत्रं आहेत. पत्राला पत्ता असतो. प्रेषित पौल अमुक वाक्य नवऱ्यांना लिहितो, अमुक बायकांना, अमुक मालकांना. मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, निम्मी भांडणं मी अशी पाहिली की एकानं दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. वचन खरं असतं, फक्त वाचणारा चुकीचा असतो.

तुझ्या भावांच्या नावाचं पत्र हवं असेल तर तेही आहे. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जकातदार जक्कय घे. येशू त्याच्या घरी जेवायला येतो, तो उभा राहतो आणि म्हणतो, कोणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. येशूनं त्याला हिशेब मागितला नव्हता. तरी तारण झालेल्या माणसाचा हात आधी कपाटाकडं गेला. भाऊ बायबल काढतील तेव्हा त्यांना हे पान उघडून दे.

आणि मुलींच्या वाटणीचा प्रश्न बायबलला नवा नाही. गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली येतात: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. नावं मुद्दाम लिहितो, कारण त्या काळच्या कागदात बायकांची नावं अशी ओळीनं सहसा सापडत नाहीत. बाप मेला, मुलगा नाही, म्हणून त्याचं नाव वतनातून पुसायचं का, असा त्यांचा सवाल. मोशे, याजक, सरदार, सगळी मंडळी, सगळ्यांसमोर उभ्या राहून विचारला. मोशेला उत्तर सुचेना, त्यानं देवाला विचारलं, आणि देव म्हणाला की मुली बरोबर बोलतात. (पुढं छत्तिसाव्या अध्यायात त्यांच्या लग्नावर अट आली, वतन दुसऱ्या वंशात जाऊ नये म्हणून. तेही खरं, लपवत नाही.) पण हक्क मागायला आल्या म्हणून त्यांना कोणी 'भांडकुदळ' म्हटलेलं नाही.

आता कायदा, कारण पाळकानं नुसतं वचन सांगून हात झटकू नयेत. आपल्याला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागतो. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यात मुलगा-मुलगी असा फरकच नाही. विधवेला एक तृतीयांश, उरलेलं दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखं. म्हणजे तुमच्या घराचे नऊ भाग केले तर आईचे तीन, तुम्हा तिघा भावंडांचे दोन-दोन. आणि इथं मला तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचावं लागलं. त्यात भाऊ आहेत, वहिनी आहेत, नवरा आहे, घर आहे. आई कुठंय? सगळ्यांत मोठा हिस्सा तिचा, आणि सगळ्या भांडणात तिचं नाव नाही. तिनंही सही करायची आहे का? केली आहे का? आधी हे विचार.

मार्कच्या सातव्या अध्यायात येशू शास्त्री-परूश्यांवर, म्हणजे त्या काळच्या धर्मपंडितांवर, भडकतो ते नेमकं यावरून. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलं, असं म्हणून मुलं मोकळी होत. धर्माचा शब्द वापरून म्हातारीचं ताट ओढायचं. येशूनं स्वतः वधस्तंभावर असताना आईची सोय शिष्याकडं लावून दिली, योहान एकोणीस. म्हणून माझा सल्ला: हिस्सा सोडायचाच असेल, मनापासून सोडायचा असेल, तर भावांच्या नावे कशाला, आईच्या नावे सोड. हक्कसोडपत्र नोंदणी केल्याशिवाय पक्कं होत नाही, आणि एकदा नोंदणी झाली की 'मला नीट कळलं नव्हतं' म्हणून सहजासहजी मागं फिरता येत नाही. सही करण्याआधी एका वकिलाला कागद वाचून घ्यायला सांग. वकिलाकडं जाणं म्हणजे अविश्वास नव्हे. पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा त्यानं आपलं रोमन नागरिकत्व काढून दाखवलं, आणि पुढं थेट कैसराकडं दाद मागितली.

'पण करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय?' असं कोणीतरी म्हणणारच. तिथं पौल चिडलाय हे खरं. भाऊ भावाविरुद्ध कोर्टात, तेही विश्वास न ठेवणाऱ्यांपुढं! तो विचारतो, तुमच्यात निवाडा करील असा एकही शहाणा नाही का? म्हणजे त्याची पहिली सूचना गप्प बसण्याची नाहीच, मंडळीतला शहाणा शोधण्याची आहे. नगरच्या तुमच्या मंडळीत दोन वडील माणसं असतील, भावांचे मिंधे नसलेली. त्यांना बसवा. मग सातवं वचन येतं: त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? हे सोसणाऱ्याला. आणि लगेच आठवं: उलट तुम्हीच अन्याय करता, लुबाडता, आणि तेही आपल्या भावांना. हे करणाऱ्याला. भाऊ तुला सातवं वाचून दाखवतील. तू आठवं वाचून दाखवू नकोस, ते त्या दोन वडीलधाऱ्यांनी वाचावं.

एक पत्र मात्र तुझ्याही नावाचं आहे, ते चुकवू नकोस. लूक बारा. गर्दीतला एक माणूस म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. येशू साफ नकार देतो, मला तुमच्यावर न्यायाधीश कोणी केलं? आणि मग लोभाबद्दल बोलतो. मागणाऱ्याचा हक्क होता की नव्हता, लूक सांगत नाही. तू रात्री शांत बसून स्वतःला विचार की हे दोन नवमांश घराला लागतात म्हणून हवेत, की वहिनीनं त्या दिवशी जे बोललं त्यासाठी. दोन्ही असेल तर दोन्ही. मला सांगायची गरज नाही.

क्षमेबद्दल तू विचारलं नाहीस, पण तो काटा पत्रभर आहे. मत्तय अठरामध्ये पेत्र विचारतो, किती वेळा, सात? येशू म्हणतो साताच्या सत्तर वेळा, आणि कर्जदाराचा दाखला सांगतो. राजाचं देणं दहा हजार तालंट, सोबत्याचं देणं शंभर दीनार. एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस. एक तालंट साधारण सहा हजार दीनारांचा. म्हणजे पहिल्याचं देणं सहा कोटी दिवसांची मजुरी, एकही सुट्टी न घेता दीड लाखाहून जास्त वर्षं. हे ऐकून लोक म्हणतात, बघा, त्यापुढं शंभर दीनार म्हणजे काहीच नाही. मला हे पटत नाही. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे सव्वातीन महिन्यांचा पगार. तुझ्या घरी सव्वातीन महिने पगार आला नाही तर? येशूनं मुद्दाम एवढा आकडा घेतलाय. तुझं नुकसान खरं आहे, हे तो मान्य करतो, आणि मग क्षमेचं बोलतो. क्षमा तुझ्या मनातल्या हिशेबाच्या वहीची गोष्ट आहे. ती आजपासून सुरू करता येते, उद्या परत करावी लागते, बरीच वर्षं लागतात. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाच्या टेबलावरची गोष्ट आहे. एक केलं म्हणजे दुसरं झालं असं नाही, आणि एक केलं नाही म्हणून दुसरं अडत नाही.

आता नवऱ्याचं 'अधीन असा'. इफिसकरांस पत्र, पाचवा अध्याय. बाविसावं वचन सगळ्या नवऱ्यांना पाठ असतं, एकविसावं कोणाला आठवत नाही: ख्रिस्ताचं भय बाळगून एकमेकांच्या अधीन असा. गंमत अशी की अगदी जुन्या काही ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनात 'अधीन असा' हे क्रियापदच नाही. ते एकविसाव्यातून ओढून घ्यावं लागतं. वरचं वाक्य कापलं तर खालचं लंगडं पडतं. मग बायकांना तीन वचनं, आणि पंचविसाव्यापासून पुढं जवळजवळ शेवटपर्यंत नवऱ्यांना, की ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं द्या.

हे मी शहाणपणानं शिकलो नाही. पाळकीची सुरुवातीची वर्षं होती. एक बाई संध्याकाळी आली, हातावर वळ होते. मी तिला हेच बाविसावं वचन वाचून दाखवलं, प्रार्थना केली, आणि नवऱ्याकडं परत पाठवलं. पंचविसावं वचन घेऊन तिच्या नवऱ्याकडं मात्र गेलो नाही. तो मंडळीचा हिशेब पाहायचा, मला अवघड वाटलं. पंधरा दिवसांनी ती मनगट मोडून दवाखान्यात होती. तिनं मला दोष दिला नाही, 'पाळकसाहेब, तुम्ही वचनच सांगितलंत' म्हणाली. ते वाक्य अजून ऐकू येतं. त्यानंतर मारहाणीचं प्रकरण आलं की मी आधी १८१ ही महिला हेल्पलाइन लावतो, २००५चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे ते सांगतो, बाईची राहायची सोय बघतो, आणि प्रार्थना त्यानंतर. तुझा नवरा तसा नाही, हे तुझ्या लिहिण्यावरून दिसतं. त्याला फक्त भांडण नको आहे. पण सासऱ्यांच्या घरातला हिस्सा त्याचा नाही, तुझा आहे, आणि त्यावर सही करायची की नाही हे 'अधीन'मध्ये येत नाही. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातली सद्गुणी स्त्री विचार करून शेत विकत घेते. नवऱ्याला विचारल्याचा उल्लेख नाही.

नगरच्या मुलीला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण करून द्यायला नको. त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षं ती बाई आपल्या पायांनी चालत आली. नवऱ्याच्या मागून जाणं एवढंच करायचं असतं तर पाच दिवस पुरले असते.

बरं, गणपती. इंदुरात राहून हा प्रश्न कोणाला सुटला आहे? बिल्डिंगमध्ये दहा दिवस आरती, खालच्या मजल्यावरच्या काकू वाटीत मोदक घेऊन दारात. माझ्याही दारात येतात. नगरला आपली वस्ती आपल्या चर्चभोवती होती, तिथं हा प्रश्न वर्षातून एकदा पडायचा. इथं आपण चिमूटभर, तेव्हा रोज पडतो.

करिंथचे लोक नेमके याच अडचणीत होते, म्हणून पौलानं त्यांना तीन अध्याय लिहिले, पहिल्या पत्राचे आठ ते दहा. त्या शहरात बाजारातलं बरंचसं मांस देवळातून आलेलं असायचं. पौलाचं उत्तर एका वाक्यात बसत नाही, आणि तेच मला त्याचं आवडतं. देवळातल्या पंगतीत बसू नका, हे एक. बाजारात विकतात ते खुशाल खा, चौकशी करत बसू नका, हे दोन. कोणी घरी जेवायला बोलावलं तर वाढतील ते खा, हे तीन. पण कोणी मुद्दाम म्हटलं की हे नैवेद्याचं आहे, तर खाऊ नका, आणि ते स्वतःच्या विवेकासाठी नाही, सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. पदार्थ तोच. बदललं ते समोरचं माणूस. यरुशलेमच्या सभेनं मात्र, प्रेषितांची कृत्ये पंधरा, मूर्तीला अर्पण केलेलं टाळा असं सरळ लिहून पाठवलं. म्हणजे पहिल्या पिढीतही यावर एकच सूर नव्हता. 'बायबल स्पष्ट सांगतं' असं कोणी टेबल आपटून म्हणालं तर त्याला ही दोन्ही पानं दाखव.

इथंही पत्ते दोन आहेत. ज्याला काही वाटत नाही त्याला पौल सांगतो, तुझ्या खाण्यानं दुबळ्या भावाला ठेच लागत असेल तर सोड. ज्याला खटकतं त्याला रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात सांगतो, खाणाऱ्याला दोषी ठरवू नकोस. आपल्याकडं उलट होतं. खाणारा न खाणाऱ्याला 'जुन्या वळणाचा' म्हणतो, न खाणारा खाणाऱ्याची प्रार्थनेत नाव घेऊन कीव करतो.

मी काय करतो? काकूंच्या हातातली वाटी घेतो. दारातून परत पाठवत नाही. घरात माझ्या बायकोला ते खाणं जमत नाही, तिचं मन खातं, म्हणून तिच्यासमोर मीही खात नाही, वाटी कामवालीच्या मुलाला जाते. नाताळात करंज्या भरून ती वाटी परत जाते, रिकामी कधी नाही. एका वर्षी काकूंनीच विचारलं, तुमच्यात चालत नाही ना? मी म्हटलं, आम्ही अर्पण केलेलं खात नाही, पण तुम्ही आणता ते थांबवू नका. तर पुढच्या वर्षी त्यांनी नैवेद्य दाखवायच्या आधी चार मोदक बाजूला काढले आणि आणून दिले. एवढं मी त्यांना शिकवलं नव्हतं.

आरतीला उभं राहायचं का, हा याच्या पुढचा प्रश्न तू विचारशील. २ राजे, पाचवा अध्याय, अरामी सेनापती नामान वाच. कोड बरं झालं, इस्राएलाच्या देवाला मानलं, आणि मग अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा असावी. अलीशा 'हो' म्हणत नाही, 'नाही' म्हणत नाही. शांतीनं जा, म्हणतो. मी या ओळीवर कितीदा अडलो आहे. मंडपात खुर्च्या लावायला, वर्गणी द्यायला, पोरांच्या स्पर्धा घ्यायला मी जातो. आरती सुरू झाली की बाजूला उभा राहतो, हात जोडत नाही. हे माझं. तू नामान असशील तर नामान हो.

सण एकमेकांवर आदळतातही. २०२४ साली रंगपंचमी आली ३० मार्चला, शनिवारी. आदल्या दिवशी गुड फ्रायडे, दुसऱ्या दिवशी ईस्टर. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, टँकरमधून रंग उडतोय, आणि आपली पोरं विचारतात जाऊ का. उपासाचे चाळीस दिवस बायबलनं ठरवून दिलेले नाहीत, मंडळीनं ठरवले आहेत. एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानावा की सगळे सारखे, हे पौल त्याच रोमकरांसच्या चौदाव्या अध्यायात ज्याच्या त्याच्या मनावर सोडतो. मी पोरांना म्हटलं, मी जाणार नाही, माझं मन कालच्या, येशूच्या वधस्तंभावरच्या सात वचनांतच आहे. तीन गेली, दोन थांबली. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला पाचही आली, तिघांचे कान हिरवे.

दशांशाचं सांगतो, कारण तुला ईएमआय आहे असं लिहिलंस आणि कोणी मोबाइलवरचा वक्ता 'पूर्ण पगारावर दिला नाही तर देवाला लुटता' असं म्हणाला. मलाखी तीनमधलं वचन ते. पण जुन्या करारातला दशांश म्हणजे एकच रक्कम नव्हती. गणना अठरामध्ये तो देवाच्या सेवेत असलेल्या लेवी वंशाला, कारण त्यांना जमीन नव्हती. अनुवाद चौदामध्ये कुटुंबानं देवासमोर बसून तो आनंदानं खायचा, आणि दर तिसऱ्या वर्षी परका, अनाथ, विधवा यांना द्यायचा. धान्य, द्राक्षारस, तेल, जनावरं. पगाराची स्लिप त्यात नाही, त्यामुळं कापलेला की न कापलेला याचं उत्तर मलाखीत शोधणं व्यर्थ. पौल २ करिंथकरांसच्या आठ-नऊ अध्यायांत दानाबद्दल दोन पूर्ण अध्याय लिहितो, 'दहावा हिस्सा' हा शब्द एकदाही वापरत नाही. ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणं द्यावं, कुरकुरत नाही, आणि जवळ असेल त्या मानानं, नसलेल्याच्या मानानं नाही.

दोन दमड्यांच्या विधवेवर मी पंचवीस प्रवचनं दिली असतील. फार उशिरा लक्षात आलं की मार्कमध्ये तिच्या अगदी आधीचं वाक्य शास्त्र्यांबद्दल आहे, ते विधवांची घरं गिळतात. म्हणजे येशू तिचं कौतुक करतोय, पण तिला एवढ्यावर कोणी आणून ठेवलं तेही सांगतोय. दानपेटी फिरवणाऱ्यांनी पहिलं वाक्य गाळून दुसरं वाचू नये. तू दहा टक्के द्यायला लागलीस तर छान सवय आहे, मीही देतो. पण नगरला आईच्या गोळ्यांचे पैसे पाठवायला कमी पडत असतील तर आधी ते. आपल्या घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्याहूनही वाईट, असं १ तीमथ्यच्या पाचव्या अध्यायात आहे. वक्त्याच्या क्यूआर कोडला वाट बघू दे.

मंगळसूत्र: घाल. बायबलात त्याबद्दल काही नाही. १ पेत्र तीनमध्ये वेण्या, सोनं, कपडे यांचा दिखावा नको म्हटलंय. तो रोख श्रीमंती मिरवण्यावर आहे, तुझ्या दोन वाट्यांवर नाही. आपल्या कितीतरी बायका वाट्यांऐवजी क्रूस ओवतात, तेही सुंदर दिसतं. कुंकवाबद्दल आजीच्या पिढीत फार रणं झाली, तुझ्या पिढीत टिकली मॅचिंग झाली आहे. माझ्यापुरता तो विषय संपला.

आणि तू प्रश्नांत न धरलेलं, शेवटी कंसात लिहिलेलं: दिराच्या लग्नात द्राक्षारस ठेवू का, येशू गेला होता त्या काना गावच्या लग्नात होता तर. तिथं खरा द्राक्षारस होता, त्याचा कुणी सरबत करू नये. पण आपल्या प्रभुभोजनात मनुका उकळून काढलेला रस असतो, त्यामागंही विचार आहे. १८६९ साली अमेरिकेत थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्यानं द्राक्षाचा रस न आंबता टिकवायची युक्ती काढली, ती प्रभुभोजनासाठीच. ज्याची दारू सुटलीय त्याला वेदीजवळ यायला भीती वाटू नये, एवढ्यासाठी मला ती पटते. दिराच्या लग्नात तुझे चुलतसासरे येणार ना? त्यांची सुटून किती महिने झाले ते तू मला मागच्या बुधवारी सांगितलंस. सरबतच ठेव, आणि सगळ्यांनाच.

भावाला आज फोन करू नकोस. आधी आईला कर, ती एकटी असेल त्या वेळी, आणि तिला एवढंच विचार की तिनं कुठं सही केली आहे का. बुधवारी येताना घराचा सिटी सर्व्हेचा उतारा, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि भावानं व्हॉट्सॲपवर पाठवलेला हक्कसोडपत्राचा मसुदा छापून आण. आपल्या प्रार्थनेला एक निवृत्त वकीलबाई येतात, त्या कागद वाचतील. नवऱ्यालाही घेऊन ये. पोहे करायला सांगतो.